चिखलडोळा

शिकंज्याच्या तोंडात आठ नंबरचा गळ.
ग्वेनिथ टॉली चष्मा कपाळावरून खाली ओढते
आणि सुरुवात डोळ्यांपासून करते.
नायलॉनचा तुकडा मेणबत्तीजवळ नेला
की टोकं वितळून गोळा होतात,
काळी होतात,
बघू लागतात.

बाहेर टास्मानियाच्या पठारावरचा वारा.
तळं दिसत नाही, ऐकू येतं.
खानावळीतली शेवटची ताटं धुऊन झाली,
बोटांना अजून मेंढीच्या चरबीचा वास,
म्हणून आधी लिंबू चोळायचं.
ट्राउटला वास कळतो म्हणतात.
तिला काय ठाऊक?
तिनं जन्मात पाण्यात गळ टाकलेला नाही.

टाचणीचं पोर बांधायला सोपं.
शेवाळी पिसं, शेपटाकडे जरा लांब सोडलेली,
पाण्यात ती आपली आपण वळवळतात.
अंगावर तांब्याच्या तारेचे पाच वेढे,
सहावा कधीच नाही, का ते विचारू नये.
नावाची टाचणी; टोचतो तो गळ.

चतुराचं पोर मात्र ठेंगणं, पोटाळ.
त्याला रस्त्यावर मेलेल्या पॉसमची लव लागते.
ती क्लेम रॉथवेल आणून देतो
ट्रकच्या काचेमागे वाळवलेली,
बदल्यात डझनभर किडे खिशात घालतो,
पैशाचं नाव दोघंही काढत नाहीत.

एकोणीस वर्षं ती एका चित्रावरून बांधत होती.
बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर, पान जानेवारीचं,
किडा हिरवागार, पाचूसारखा.

मागच्या जानेवारीत क्लेम आला
तो कॉफीच्या बरणीत तळं घेऊन.
"घे. ज्याच्यावर तुझा धंदा चालतो तो."

बरणीत चिखल. चिखलाला डोळे.
इथली माणसं त्याला म्हणतातच मडआय,
चिखलडोळा.
हिरवा कुठला!
भिजलेल्या तंबाखूचा रंग, अंगभर शेवाळाची बुरशी,
बुडातून पाणी फेकत पुढं सरकणारा.
तिनं गांडुळाचा तुकडा टाकला,
तर हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला हात
सटकन बाहेर आला, तुकडा घेऊन गेला,
आणि चेहरा पुन्हा सभ्य.

"दोन-तीन वर्षं तळाशी असतो," क्लेम म्हणाला.
"उडतो किती? महिना. फार तर दोन."
जलविद्युतच्या बोगद्यांत एकतीस वर्षं काढलेला माणूस,
पुढं काही बोलला नाही.
चहा घेऊन गेला.

रात्री तिनं बरणीत पेन्सिल उभी केली.

दोनला जाग आली.
पेन्सिलीवर, पाण्याच्या वर चार बोटं,
त्याची पाठ फाटलेली,
फटीतून काहीतरी फिकं, ओलं, उलटं लोंबत होतं,
हलत नव्हतं.
मेलं, तिला वाटलं.
तरी खुर्ची ओढून बसली,
आवाज नको म्हणून शेगडीत लाकूडही सारलं नाही.
पाय गारठले.
मग ते एकदम उठून बसलं,
स्वतःचं शेपूट स्वतःतून सोडवून घेतलं.
पंख आधी चुरगळलेल्या पावतीसारखे,
मग कुणी सावकाश इस्त्री फिरवावी तसे.

पहाटे खिडकी उघडली.
थंडी आत आली. चतुर बाहेर गेला.

पेन्सिलीला चिकटून रिकामं कवच,
सहाही पाय अजून घट्ट.
पाठीच्या चिरेत दोन-चार पांढरे दोरे लोंबत राहिलेले.
श्वासाच्या नळ्यांचं अस्तर, क्लेमनं नंतर सांगितलं.
तिला ते आधी दोरेच वाटले,
रोज बोटांत असतात तसले.

कॅलेंडरचं पान तिनं जाळलं नाही;
पाठकोऱ्या बाजूवर उधारी लिहिते.
क्लेमला बजावलं, पाठीची लव नको,
पोटाखालची आण, मळकी.

नवे किडे दिसायला भिकार.
दुकानदार नाक मुरडतो,
मासे मुरडत नाहीत.
आणि चतुराच्या प्रत्येक पोराच्या पोटात,
लव गुंडाळण्याआधी,
ती बोटभर पांढरा दोरा ठेवते,
जो वरून दिसत नाही,
पाण्यातूनही नाही.
क्लेमनं एकदा विचारलं, हा कशाला?

"असू दे," ती म्हणाली,
आणि पुढचा गळ शिकंज्यात आवळला.